दारावरचा बोरू

मासेरू,
८ जून २००८

लिबुसेंग,

थामाए कंडक्टरने बसमधून उतरण्याआधीच खिडकीतून आरोळी ठोकली, "केनेवे, तुझ्या बहिणीला मुलगी झाली!" आधी सगळ्या स्टँडला कळलं, मग मला. आनंद झाला. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तुला शंका येईल.

कोणावर गेली आहे? आईने म्हणे मेंढरू कापलं. थामाए अजून मिटक्या मारतोय. माझ्या बाळंतपणात कोंबडी कापली होती, तीही लंगडी. तू तेव्हा शाळेत होतीस आणि वाट्याला पंख आला म्हणून रुसली होतीस. मुलगा झाला तेव्हा कोंबडी, मुलगी झाली तेव्हा मेंढरू. मी काही म्हणत नाही.

तुझ्या सासरच्यांनी लग्नातच तुझं नाव मा-कातलेहो ठेवलं, कातलेहोची आई. आता कातलेहो आली, त्यांचं म्हणणं खरं झालं. मलाही माझ्या सासरी असंच नाव मिळालं होतं आणि ते अजून चालू आहे. कारखान्यात सुपरवायजर रोज सकाळी "मा-थाबिसो" म्हणून हाक मारते आणि मी "आले" म्हणते. थाबिसो जाऊन पाच वर्षं झाली, पण दिलेलं नाव कुणी परत घेत नाही.

गोळ्या चुकवू नकोस. जे माझ्या रक्तात आहे तेच तुझ्या रक्तात, तेव्हा माझ्यापुढे तरी लाजायचं कारण नाही. बाळाला फक्त अंगावरचं पाज. आई बोटावर आंबील घेऊन येईल, तिला ते बोट बाळाच्या तोंडाला लावू देऊ नकोस. मी लावू दिलं होतं.

दिवसभर जीन्सचे खिसे शिवून डोळे चुरचुरताहेत, आता पुरे करते.

केनेवे


हा-सेकेते,
२२ जून २००८

आउसी केनेवे,

तुझं पत्र दोनदा वाचलं, एकदा हसून आणि एकदा न हसता. कोंबडी लंगडी होती हे तुला अजून आठवतं? आणि मेंढरू आईचं नव्हतं गं, माझ्या सासरहून आलं होतं. थामाएने तेवढं बरं सांगितलं नाही.

कातलेहो तुझ्यावर गेली आहे. कान तर हुबेहूब तुझे. रडणंही तुझंच, असं आई म्हणते. आंबील आणलीच होती तिने. मी बाळाचं तोंड फिरवलं, तर स्वतःच पिऊन टाकली.

आता खरी गोष्ट. दवाखान्यातल्या सिस्टरने बजावलं आहे, सहा आठवडे झाले की बाळाला घेऊन यायचं. टाचेला टोचून रक्त कागदावर टिपतात, कागद वाळवतात आणि तपासायला पाठवतात. बाळाला लागण झाली आहे की नाही ते एवढ्या लहानपणीच कळतं. पूर्वी बाळाच्या रक्तात आईच्याच रक्ताची खूण दीड वर्षं राहायची, म्हणून त्याआधी नक्की काही सांगता येत नसे. आता थेट एचआयव्हीचा जंतूच शोधतात. सापडला तर लगेच औषध सुरू. सिस्टर म्हणाली, औषध मिळालं नाही तर अशी कितीतरी बाळं वर्षसुद्धा काढत नाहीत.

पण दारावर बाळंतिणीचा बोरू, ती लव्हाळ्याची काडी, खोचलेला आहे. तो उतरेपर्यंत मी आणि बाळाने उंबरा ओलांडायचा नाही, तुला सांगायला नकोच. आणि आपल्या घरी तो तीन महिने उतरत नाही. आईला विचारायचा मला धीर होत नाही. तू आउसी, थोरली बहीण, तुझं ती ऐकेल. एक ओळ लिही तिच्यासाठी. मी वाचून दाखवीन.

तुझी लिबु


मासेरू,
१ जुलै २००८

लिबुसेंग,

एक ओळ लिही म्हणतेस. मी ओळ नव्हती लिहिली, गयावया केली होती. तू शाळेत गेली होतीस म्हणून तुला माहीत नाही.

थाबिसो दोन महिन्यांचा होता. झोपेत त्याचा श्वास घरघर वाजायला लागला. मी म्हटलं, आई, दवाखान्यात नेऊ या. ती दारात आडवी उभी राहिली. बोरूकडे बोट करून म्हणाली, "हा वर असताना बाळ बाहेर नेलंस तर वाटेवरच्या पावलांची बाधा होईल. मी चार पोरं अशीच वाढवली." मी आत येऊन बसले. बोरू उतरला तेव्हा त्याला पाठीला बांधून नेलं, तर सिस्टर म्हणाली, "आत्ता तपासून कळायचं नाही. दीड वर्षाचा झाला की घेऊन ये." लिबु, तो दीड वर्षाचा व्हायचाच नव्हता. पाचव्या महिन्यात गेला. त्याला काय झालं होतं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आणि तुझ्या मुलीसाठी कागद निघाला. शहाणी गं तू, थांबून बाळंत झालीस. मी काय, घाई करून पाच वर्षं आधीच बाळंत झाले.

मला हेवा वाटतो. तुझ्या मुलीच्या टाचेचा हेवा वाटतो. कारखान्यात मशीन चालवताना मनात तेच चालू असतं. शेजारची बाई विचारते, "दात का खातेस?" तिला काय सांगू?

आईला मी ओळ लिहिणार नाही. मी बसले तशी तूही बस बोरूखाली. बघू तुझ्यासाठी ती काय करते.

केनेवे


हा-सेकेते,
२० जुलै २००८

आउसी,

टाच टोचून झाली. कातलेहोने दवाखाना डोक्यावर घेतला. सिस्टरने आधी तिचं पाऊल तळहातात धरून उबवलं, मग टोचलं, मग कागदावरच्या पाच गोलांत एकेक थेंब घेतला. गोल पुरा भरावा लागतो, अर्धा चालत नाही. कागद फळीवर वाळत ठेवला. मोटारसायकलवाला येऊन घेऊन जाईल म्हणाली. तोवर बाळाला रोज एक पातळ औषध द्यायचं आहे, ते ती थुंकते आणि मी परत भरवते.

ऐन हिवाळा, बर्फ पडलं होतं, पण घोडा मिळाला. गेलो आणि आलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते.

लिबु


मासेरू,
३ ऑगस्ट २००८

मा-कातलेहो,

सांगण्यासारखं काही नाही? थामाएकडे बरंच होतं. तो चाकं बदलायला तुमच्या वरच्या आळीत थांबला होता ना, त्याने सगळं डोळ्यांनी बघितलं. आईने सगळ्यांदेखत दारावरचा बोरू ओढून काढला, गुडघ्यावर मोडला आणि फेकून दिला. तुला घोड्यावर बसवलं. अंगावरची घोंगडी काढून तुझ्याभोवती गुंडाळली आणि स्वतः नुसत्या स्वेटरवर लगाम धरून बर्फातून पुढे चालत गेली. थामाए म्हणतो, "आई असावी तर अशी!" मी त्याच्या हातातलं पत्र हिसकावून घेतलं आणि तुमची खुशाली न विचारताच निघून आले.

घोडा मिळाला म्हणे. घोंगडी मिळाली, लगाम धरायला आई मिळाली, ते नाही लिहिलंस.

आपण एकाच बाईच्या पोटच्या. मी थोरली, तिची चूल पेटवली, पाणी भरलं, तुला पाठीवर बांधून वाढवलं. माझ्या मुलासाठी जो बोरू बोटभर हलला नाही तो तुझ्या मुलीसाठी काडीसारखा मोडला. तुझ्या मुलीचं वाईट व्हावं असं मी म्हणत नाही. पण निकाल चांगला आला तर मला किती आनंद होईल ते मला सांगता येत नाही, आणि हे मी कुणालाच सांगू शकत नाही म्हणून तुला सांगतेय.

काही दिवस मला लिहू नकोस.

केनेवे


हा-सेकेते,
२४ ऑगस्ट २००८

आउसी,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. रागावायचं तेवढं रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

मी लपवलं ते खरं. आईनेच सांगितलं होतं, "केनेवेला कळवू नकोस, तिला लागेल." पण बोरू का मोडला ते थामाएला माहीत नाही. तू आईसाठी ओळ लिहिशील म्हणून मी तुझं पत्र घेऊन तिच्यापुढे बसले होते. ओळ सापडेना, म्हणून सगळं पत्र वाचून दाखवलं. कातलेहोच्या टाचेचं, हेव्याचं, सगळं. "तो दीड वर्षाचा व्हायचाच नव्हता" हे तिने मला पुन्हा वाचायला लावलं. सकाळी उठली आणि बोरू ओढला. माझ्यासाठी नाही गं. तुझं पत्र ऐकून.

आता ऐक. निकाल आलेला नाही. सिस्टर म्हणते कागद मासेरूला जातात, तिथून जोहान्सबर्गला, आणि निकाल परत मासेरूच्या मोठ्या दवाखान्यात येतात. तिथून वर यायला मोटारसायकलला वाट नाही, खिंड बर्फाने भरली आहे. बस कशीबशी येते ती थामाएच्या हट्टाने.

कातलेहो दूध नीट ओढत नाही. तोंडात पांढरं पांढरं आलंय. अंग भरत नाही. आणि झोपेत श्वास वाजतो. तू लिहिलं होतंस ना घरघर, मी रात्री तुझं पत्र काढते आणि तोच शब्द बघते, हाच आवाज का तो? आईला विचारलं तर ती तोंड फिरवते. सिस्टर म्हणते निकाल हातात असल्याशिवाय ती औषध सुरू करू शकत नाही.

तू तिथेच आहेस. मोठ्या दवाखान्यात जा, विचार. माझ्यावरचा राग मग काढ.

लिबु


मासेरू,
३१ ऑगस्ट २००८

लिबुसेंग,

मला रजा नाही. एक दिवस गैरहजर राहिले तर माझ्या मशीनवर बसायला फाटकाबाहेर बायका उभ्याच आहेत. आईला सांग, एक बोरू मोडलास, आता मासेरूपर्यंत चालत ये म्हणावं. तुझ्यासाठी येईल ती.

केनेवे

घरघर दूध पितानाही होते, की फक्त झोपेत? बरगड्यांखाली खळगा पडतो का?


मासेरू,
९ सप्टेंबर २००८

लिबु,

हे उभ्याउभ्याच वाच आणि वाचून झालं की बाळाला पाठीला बांध. कातलेहोला लागण झालेली आहे. निकालाचा कागद यातच आहे, दवाखान्याचा शिक्का मारलेला. तो सिस्टरच्या हातात दे आणि औषध मिळाल्याशिवाय तिथून उठू नकोस. डॉक्टरीणबाई म्हणाली, "आज कळलं तर आजच सुरू करायचं. बाळ अजून सावरेल." दोनदा विचारलं मी तिला. दोन्ही वेळा सावरेल म्हणाली.

आता निघ. बाकीचं परत आल्यावर वाच.

तुझ्या पत्राचं उत्तर टाकून आठवडा झाला, आज पोट दुखतंय म्हणून कामावर गेले नाही. त्यांनी काढून टाकलं तर टाकलं. मोठ्या दवाखान्यात खिडकीशी रांग. माझी पाळी आली तर आतली बाई म्हणाली, "निकाल फक्त आईला देतो. तू आई आहेस का?"

मी हो म्हटलं.

"बाळाचं नाव? तुझं नाव?" मी म्हटलं कातलेहो, मा-कातलेहो, गाव हा-सेकेते. बसायला सांगितलं. बाकावर माझ्यासारख्याच बायका, कुणाचं बाळ पाठीला, कुणाचं मांडीवर. माझी पाठ मोकळी. शेजारणीने विचारलं, "तुझं कुठे आहे?" मी म्हटलं, "आजीपाशी. थंडी आहे ना." आणि तुझ्या मुलीच्या कानांचं, रडण्याचं, औषध थुंकण्याचं असं काही वर्णन केलं मी की माझाच विश्वास बसला. मग आतून मोठ्याने हाक आली, "मा-कातलेहो!"

मी उठले. बाकापासून त्या दारापर्यंत मी जिवंत मुलीची आई होते. लिबु, तेवढं चालताना मला इतकं बरं वाटलं की तुझं नाव तुला परत द्यावंसं वाटेना. तू माझ्या जागी असतीस तर तुलाही नसतं वाटलं.

आत डॉक्टरीणबाईने निकाल सांगितला. मी रडले. तिला वाटलं बाळाच्या काळजीने. ती धीर देत होती, औषधाचं समजावत होती, कधी द्यायचं, किती द्यायचं, आणि माझ्या मनात काय आलं ते लिहिते, मग मला काय म्हणायचं ते म्हण. मला त्या वाईट निकालाचाही हेवा वाटला. तुझ्या मुलीला काय झालंय ते तुला कळलं. त्यावर औषध आहे हेही कळलं. मला "दीड वर्षाने ये" म्हणाले होते.

तिचं नाव कातलेहो कशाला ठेवलंत, कातलेहो म्हणजे यश? एवढं मिरवायचं नाव ठेवलं की सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारच, माझ्याही आलं. मोसेलान्चा म्हणा तिला. कुत्र्याचं शेपूट. मग मी तरी हेवा कशाला करीन?

गेलीस का? जा.

केनेवे


हा-सेकेते,
१२ ऑक्टोबर २००८

आउसी,

औषध सुरू होऊन महिना झाला. पहिले काही दिवस ओकायची, मग आईने युक्ती काढली, गालाच्या आत थेंब थेंब सोडायचे आणि नाकावर फुंकर मारायची. गिळते आता. तोंडातलं पांढरं गेलं. दूध असं ओढते की मला खुर्चीला धरून बसावं लागतं. छातीचा आवाज अजून आहे, पण खळगा पडत नाही. तूच विचारलं होतंस ना खळग्याचं. तुझं ते पत्र मी सिस्टरला दाखवलं होतं, तिने तिथेच बाळाची छाती उघडून बघितली.

निकाल घेऊन थामाए स्वतः धावत घरी आला. बस वरच्या आळीत तशीच उभी, माणसं शिव्या देताहेत. तुझं पत्र त्याने शर्टाच्या आत ठेवलं होतं. वाचून आम्ही दोघी लगेच निघालो. या खेपेला बोरू नव्हताच.

नावाचं सांगते. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, मोसेलान्चापर्यंत आले आणि ती उठून उभी राहिली. "केनेवेने लिहिलं हे? केनेवेने स्वतः?" मी हो म्हटलं, आणि मला वाटलं आता चिडणार. तर ती बाळाला उचलून मोसेलान्चा, मोसेलान्चा म्हणत घरभर नाचली. नंतर बायकांना जमवलं, ज्वारीची दारू गाळली आणि सगळ्यांसमोर नाव सांगितलं.

तुला ठाऊकच आहे, आपल्यात असलं घाणेरडं नाव कुणालाही ठेवत नाहीत. आधीचं भावंड गेलेलं असेल तरच ठेवतात, म्हणजे मरणाने या मुलाकडे ढुंकून बघू नये. म्हातारी मा-नेओ म्हणाली, "पण ही तर लिबुसेंगची पहिली. हिच्याआधी कोण गेलं?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आईने उत्तर दिलं, "थाबिसो गेला. हिचा थोरला भाऊ." त्या बायकांनी थाबिसोच्या नावानेही पेला फिरवला, पाच वर्षांत पहिल्यांदा.

मला वाटलं होतं तू रागाने लिहिलंस. आई म्हणते, मला काही कळत नाही, तू आपला गेलेला मुलगा हिला भाऊ म्हणून दिलास, याहून मोठं देणं कुणी कुणाला देत नाही. तिने तुला निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहिते. "केनेवेला सांग, तो बोरू मी तिच्या वेळीच मोडायला हवा होता. मला हे रोज जाणवतं." एवढंच म्हणाली आणि गोवऱ्या आणायला गेली.

तुझी लिबु, मोसेलान्चाची आई


मासेरू,
१५ मार्च २००९

लिबु,

इतके महिने लिहिलं नाही. तुझं पत्र मात्र उशाशीच होतं.

आधी खरं सांगते. नाव मी रागानेच लिहिलं होतं. आईला जे वाटलं ते माझ्या मनातही नव्हतं. हे तिला सांगू नकोस. थाबिसोला बहीण आहे असं ती सगळ्या गावाला सांगून बसली आहे, आता ते मला मोडायचं नाही.

दुसरं, काम गेलं नाही. सुपरवायजर परवा म्हणाली, "मा-थाबिसो, हल्ली दात खात नाहीस." हाक तीच आहे. पण आता मी "आले" म्हणते आणि शिवण चालू ठेवते.

थामाएने कापडाची पिशवी आणली ती मिळाली. मोसेलान्चाच्या पायाचं माप घेतलेला दोरा पोचला. खिशांच्या उरलेल्या तुकड्यांची चड्डी शिवली आहे, पुढे दोन खिसे, मागे दोन. एवढ्याशा पोरीला खिसे कशाला असं विचारू नकोस, मला तेच येतं. टाचा झाकणारे मोजेही घेतलेत. थामाए सांगतो, ती बसायला लागली, रांगते, त्याचं तिकिटांचं पुडकं तिने चावलं. वजन वाढल्याचं सिस्टर म्हणाली म्हणे. तो सांगत होता आणि मी शहाण्यासारखी खुशाली विचारत होते.

इस्टरला येतेय. वरच्या आळीपाशी उतरेन. आईला म्हणावं, या खेपेला लगाम धरून न्यायला मला यावं.

हेवा अजून वाटतो, वाटणारच. पण ऐक. आपल्यात आईच्या थोरल्या बहिणीला पोरं मोठी आई म्हणतात. मोसेलान्चाला बोलायला अजून वेळ आहे, पण मी येईन तेव्हा चार दिवस ती माझ्याच पाठीला बांधलेली असेल. औषधही मीच देईन, नाकावर फुंकर मारून. आणि त्यातून तिने तुझ्याआधी मला आई म्हटलं, तर तुला हेवा वाटेल.

वाटू दे.

केनेवे